दम्याच्या आडची बुरशी

(गणेशोत्सवातील व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



समितीने मला दहा-पंधरा मिनिटे बोलायला सांगितले, तेव्हा सर्वांना वाटले की मी मालगाड्यांवर बोलणार. पण विषय निवडला आहे दम्याचा. मी डॉक्टर नाही. डिप्लोमा करून रेल्वेत लागलो आणि आजवर डबे, चाके, बेअरिंग आणि ब्रेक यांच्यातच आयुष्य गेले. तरीही या विषयावर बोलायचे ठरवले, कारण एका सहकाऱ्याचे आजारपण जवळून पाहिले आणि त्या निमित्ताने बरेच वाचले, तज्ज्ञ डॉक्टरांना विचारले. जे समजले ते चार लोकांपर्यंत पोहोचावे, एवढाच हेतू. लोकमान्यांनी १८९३ साली गणेशोत्सव सार्वजनिक केला तो चार लोक एकत्र येऊन कामाचे काही ऐकावे यासाठीही होता. तेव्हा विषय जड वाटला तरी थोडा वेळ सहन करावा ही विनंती.

आमच्या खात्यात वॅगनसुद्धा 'आजारी' पडते. तपासणीत दोष दिसला की तिच्यावर 'सिक' अशी खूण करतात आणि तिला सिक लाइनवर नेतात. तिथला पहिला नियम असा की दोष नेमका काय आहे ते आधी ठरवायचे, मगच हत्यार हातात घ्यायचे. एखाद्या वॅगनचा अ‍ॅक्सल पुन्हा पुन्हा गरम होत असेल आणि आपण दर वेळी वरवर बघून तिला सोडून देत असू, तर एक दिवस ती मधल्या स्टेशनात गाडी अडवणार. तोच दोष परत येतो म्हणजे मूळ कारण अजून सापडलेले नाही. दम्याच्या बाबतीतही काही रुग्णांत नेमके हेच घडते. इनहेलर चालू आहे, गोळ्या चालू आहेत, तरी दर दोन-चार महिन्यांनी खोकला, ताप, धाप. अशा काहींच्या दम्याच्या आड एक बुरशी लपलेली असते.

या आजाराचे नाव लांबलचक आहे : अ‍ॅलर्जिक ब्राँकोपल्मोनरी अ‍ॅस्परजिलोसिस. डॉक्टर मंडळी त्याला थोडक्यात एबीपीए म्हणतात, आपणही तेच म्हणू. १९५२ साली इंग्लंडमधल्या हिन्सन, मून आणि प्लमर या तीन डॉक्टरांनी त्याचे वर्णन पहिल्यांदा प्रसिद्ध केले. बुरशीचे नाव अ‍ॅस्परजिलस. हे नाव १७२९ साली इटलीतल्या फ्लॉरेन्सच्या मिकेली नावाच्या धर्मगुरूने ठेवले. तो वनस्पतींचा अभ्यासक होता. सूक्ष्मदर्शकाखाली या बुरशीचा आकार त्याला चर्चमध्ये पवित्र पाणी शिंपडण्याच्या दांडीसारखा दिसला. आपण दूर्वांनी किंवा आंब्याच्या पानांनी पाणी शिंपडतो ना, तसलेच ते साधन. नाव इतके पवित्र आणि काम मात्र उपद्रवाचे!

या बुरशीची एक जात, अ‍ॅस्परजिलस फ्युमिगेटस, या आजारात मुख्य आरोपी असते. ती कुजणाऱ्या पाल्यात, ओल्या गवतात, शेणखतात, दमट धान्यात वाढते. तिचे बीजाणू दोन-तीन मायक्रॉनचे, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या दुप्पट-तिप्पट. आपल्या केसाची जाडी त्याच्या कितीतरी पट असते. इतके हलके बीजाणू हवेत तरंगतात आणि आपण सगळेच ते रोज श्वासावाटे आत घेतो. निरोगी माणसाच्या श्वासनलिकेतले बारीक केस आणि संरक्षक पेशी त्यांची परस्पर विल्हेवाट लावतात. आपल्याला पत्ताही लागत नाही.

दम्याच्या काही रुग्णांत मात्र ही सफाई नीट होत नाही. तिथे कफ चिकट असतो. बीजाणू त्यात अडकतात आणि तिथेच रुजतात, कारण शरीराचे तापमान या बुरशीला चांगले मानवते. बऱ्याच बुरश्यांना ते मानवत नाही. बुरशी फुप्फुसाच्या मांसात घुसत नाही, कफातच राहते. पण शरीर तिच्यावर चवताळून उठते. रक्तात आयजीई नावाची अ‍ॅलर्जीची प्रतिद्रव्ये भरमसाट वाढतात, इओसिनोफिल या पांढऱ्या पेशी वाढतात, कफ घट्ट होऊन त्याची बुचे तयार होतात आणि नळ्या तुंबतात. हे वारंवार घडले की श्वासनलिका कायमच्या फुगून रुंद होतात. त्याला ब्राँकिएक्टॅसिस म्हणतात. एकदा रुंद झालेली नळी सहसा पूर्ववत होत नाही. म्हणून या आजारात वेळेला फार किंमत आहे.

इथे एक खुलासा. २०२१ साली कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत 'ब्लॅक फंगस' हा शब्द घरोघरी पोहोचला. तो आजार वेगळा, त्याची बुरशी वेगळी. ती ऊतींमध्ये घुसून त्या मारते आणि रोग्याचा जीव धोक्यात येतो. आपला आजचा आजार अ‍ॅलर्जीचा आहे आणि तो वर्षानुवर्षे हळूहळू नुकसान करतो. बुरशी हा शब्द ऐकून घाबरू नये. आणखी महत्त्वाचे म्हणजे एबीपीए एकापासून दुसऱ्याला लागत नाही. रुग्णाच्या ताटात जेवले, त्याच्या शेजारी झोपले, तरी काही होत नाही.

हे मी मुद्दाम सांगतो आहे. माझ्या सहकाऱ्याला लहानपणापासून दमा. पस्तिशीनंतर तो वाढला. संध्याकाळी बारीक ताप, वजन घटलेले, खोकला. एका खाजगी डॉक्टरांनी छातीचा एक्स-रे काढला, वरच्या बाजूला डाग दिसला आणि थुंकीची तपासणी न करता क्षयरोगाची औषधे सुरू झाली. सहा महिने त्याने ती निष्ठेने घेतली. डाग गेला. पुढच्या वर्षी दुसऱ्या बाजूला नवा डाग. पुन्हा तीच औषधे. या काळात घरात काय झाले ते ऐका. त्याची ताटवाटी वेगळी झाली. आठ वर्षांच्या मुलीला आजीकडे विदर्भात पाठवले. क्वार्टरमधल्या बायकांनी हळदीकुंकवाला यायचे थांबवले, कोणी तोंडावर काही बोलले नाही, पण पावले वळेनाशी झाली. मुलगी दीड वर्ष आईवडिलांपासून दूर राहिली. तिसऱ्या खेपेला घरच्यांनी त्याला नागपूरला नेले. तिथल्या छातीच्या डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला : "खोकल्यातून तपकिरी, रबरासारखे तुकडे पडतात का?" पडत होते. पण आजवर ते कोणी विचारले नव्हते आणि त्यालाही सांगण्यासारखे वाटले नव्हते. रक्त तपासले. आयजीई हजारांच्या घरात. सीटी स्कॅनमध्ये नळ्या रुंद झालेल्या. आजार होता एबीपीए. योग्य उपचारांनी तो दोन महिन्यांत कामावर रुजू झाला, मुलगी घरी आली. पण रुंद झालेल्या नळ्या तशाच राहिल्या.

ही एकट्याची कहाणी नाही. चंडीगडच्या पीजीआय संस्थेतील डॉ. रितेश अग्रवाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या आजारावर जगात मानले जाणारे काम केले आहे. २००६ साली त्यांनी १२६ रुग्णांचा अनुभव प्रसिद्ध केला. त्यांतील ५९ जणांना, म्हणजे जवळजवळ निम्म्यांना, आधी क्षयरोगाची औषधे देऊन झाली होती! आणि बहुतेकांच्या श्वासनलिका संस्थेत येईपर्यंत रुंद झालेल्या होत्या. २०१४ सालच्या त्यांच्या अंदाजानुसार भारतात दम्याचे प्रौढ रुग्ण पावणेतीन कोटींच्या आसपास असतील, तर त्यांतले सुमारे १४ लाख एबीपीएचे असावेत. म्हणजे दम्याच्या दर शंभर रुग्णांत साधारण पाच.

डॉक्टरांवर राग काढून उपयोग नाही. जगातल्या क्षयरोग्यांपैकी चौथा हिस्सा आपल्या देशात आहे. खोकला, ताप, घटते वजन आणि एक्स-रेवरचा डाग असे चित्र समोर आले की आपल्याकडे क्षय आधी आठवणारच. दोन्हींची लक्षणे मिळतीजुळती आहेत, थुंकीतून रक्तही दोन्हींत पडू शकते. फरक ओळखायला काही खुणा मात्र आहेत. माणसाला आधीपासून दमा असणे, ही पहिली खूण. कफातून तपकिरी बुचे पडणे, ही दुसरी. एक्स-रेवरचा डाग जागा बदलणे, आज उजवीकडे, सहा महिन्यांनी डावीकडे, ही तिसरी. आणि क्षयाची औषधे पूर्ण घेऊनही त्रास परत येणे, ही चौथी. मात्र काही रुग्णांचा दमा वरवर आटोक्यात दिसतो आणि तरीही आत एबीपीए असतो, हेही तज्ज्ञ सांगतात.

आता तपासणी. पहिले पाऊल अगदी साधे आहे : रक्ताची तपासणी. तिचे नाव अ‍ॅस्परजिलस फ्युमिगेटससाठीची विशिष्ट आयजीई. तिच्यासोबत एकूण आयजीई पाहतात. २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या आंतरराष्ट्रीय निकषांप्रमाणे विशिष्ट आयजीई ०.३५ किंवा अधिक आणि एकूण आयजीई ५०० किंवा अधिक, या दोन्ही गोष्टी आवश्यक मानल्या आहेत. पूर्वी, २०१३ च्या निकषांत, एकूण आयजीईची मर्यादा १००० होती. ती खाली आणली, म्हणजे जुना रिपोर्ट '९०० आहे, काही नाही' म्हणून बाजूला ठेवला असेल तर तो पुन्हा दाखवायला हरकत नाही. याशिवाय इओसिनोफिल, बुरशीविरुद्धची आयजीजी आणि सीटी स्कॅन यांची जोड लागते. सीटीमध्ये कधी कधी कफाचे बूच स्नायूंपेक्षाही पांढरे दिसते. तसे दिसले तर ती या आजाराची पक्की खूण समजतात.

क्षयरोगाची शंका असेल तर ती थुंकीची तपासणी करून सोडवावी, नुसत्या फोटोवर विसंबू नये. सीबीनॅट किंवा ट्रूनॅट ही तपासणी सरकारी केंद्रांत मोफत होते. थुंकीत जंतू न सापडताही क्षय असू शकतो आणि क्वचित दोन्ही आजार एकत्रही असू शकतात, म्हणून अंतिम निर्णय डॉक्टरांचा. आणि एक गोष्ट हात जोडून सांगतो. कोणाची क्षयाची औषधे चालू असतील तर माझे भाषण ऐकून ती बंद करू नका! शंका असेल तर रिपोर्ट घेऊन छातीच्या डॉक्टरांकडे जा आणि 'मला दमा आहे, अ‍ॅस्परजिलसची तपासणी करायची का?' एवढे एक वाक्य विचारा. आपल्या रायपुरात एम्समध्ये श्वसनरोगाचा विभाग आहे, आंबेडकर रुग्णालयातही छातीचे डॉक्टर आहेत. त्यासाठी नागपूर गाठायलाच हवे असे नाही.

उपचारांत दोन मुख्य औषधे आहेत. एक प्रेडनिसोलोन, म्हणजे तोंडावाटे घ्यायचे स्टेरॉइड. ते अ‍ॅलर्जीचा भडका शमवते. दुसरे इट्राकोनॅझोल, ते बुरशीला आवर घालते. सर्वसाधारणपणे सुमारे चार महिन्यांचा कोर्स असतो. पीजीआयमध्येच १३१ रुग्णांवर या दोन औषधांची तुलना झाली, ती २०१८ साली प्रसिद्ध झाली. प्रेडनिसोलोन घेतलेल्या सर्वांना सहा आठवड्यांत फरक पडला. इट्राकोनॅझोलने शंभरातल्या ८८ जणांना पडला, पण त्याचे दुष्परिणाम कमी होते. कोणाला कोणते द्यायचे हे डॉक्टर ठरवतात. आपण लक्षात ठेवायचे ते असे : इट्राकोनॅझोलच्या साध्या कॅप्सूल जेवणानंतर लगेच घ्यायच्या असतात आणि अ‍ॅसिडिटीच्या गोळ्यांमुळे त्यांचा गुण कमी होतो. काही इनहेलरबरोबर ते घेतल्यास शरीरात स्टेरॉइडचे प्रमाण वाढते. क्षयावरचे रिफाम्पिसिन तर या दोन्ही औषधांचा जोर कमी करते. म्हणून चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची यादी डॉक्टरांपुढे ठेवावी. स्टेरॉइडने साखर, रक्तदाब वाढतो, हाडे ठिसूळ होतात, म्हणून ते मनाने वाढवू नये आणि एकदम थांबवूही नये. दम्याचा इनहेलर मात्र चालूच ठेवायचा असतो.

औषधांचा गुण आला की नाही, हे आयजीईवरून कळते. ती निदान पाचव्या हिश्श्याने उतरली पाहिजे. ती पूर्ण नॉर्मल व्हावी असा हट्ट धरू नये, तसे क्वचितच होते. बरे असतानाचा आपला आकडा लिहून ठेवावा. पुढे कधी त्रास वाढला आणि आकडा त्याच्या दीडपट झाला तर आजार उलटला असे समजतात. अनेकांना तो उलटतो. म्हणून आमच्या वॅगनप्रमाणेच याही दुरुस्तीनंतर ठरलेल्या मुदतीने तपासणी हवी.

आता आपल्या रायपूरकडे येऊ. छत्तीसगड म्हणजे भाताचे कोठार. पावसाळा संपला की धान येते, गावोगावी संग्रहण केंद्रांत ताडपत्रीखाली थप्प्या लागतात, राइस मिल चालू होतात, गुड्स शेडमध्ये तांदळाचे रेक भरले जातात. ओली पोती आणि कुजका पैरा उघडताना जी धूळ उडते, तीत बीजाणू भरपूर असणार. आमच्यापैकी ज्यांना दमा आहे त्यांनी अशा जागी नुसता रुमाल न बांधता एन-९५ मास्क लावावा. घरातही काही जागा आहेत. वर्षभर पडून राहिलेला कूलर उन्हाळ्यात काढतो, त्याची जुनी खस न बदलता तसाच चालवू नये, ती बदलावी. पावसाळ्यात पोपडे आलेल्या भिंतीला लागून पलंग ठेवू नये. गच्चीवरच्या खताच्या कुंड्या उकरण्याचे काम दमा असणाऱ्याने करू नये. आणि आता बाप्पा घरी आहेत, तर निर्माल्य पिशवीत बांधून चार-पाच दिवस ठेवू नये, रोजच्या रोज निर्माल्य कलशात द्यावे. कलश रिकामा करण्याचे काम दम्याच्या कार्यकर्त्याला देऊ नये, ही मंडळाला विनंती. अर्थात बीजाणू सगळीकडेच असतात, त्यामुळे एवढ्याने आजार बरा होईल असे नाही. पण भार कमी होतो.

दोन गोष्टी सांगून थांबतो. पहिली : आपल्याकडे दमा लपवण्याची पद्धत आहे. मुलीच्या लग्नात आडवा येईल, वैद्यकीय तपासणीत वर्गवारी खाली येईल, म्हणून इनहेलर खिशातून बाहेरच निघत नाही. पण लपवलेला दमा डॉक्टरांपासूनही लपतो आणि मग एक्स-रेवरचा डाग एकटाच बोलतो. माझ्या सहकाऱ्याच्या पहिल्या केसपेपरवर दम्याचा उल्लेखच नव्हता. डॉक्टरांकडे गेल्यावर 'लहानपणापासून दमा आहे' हे आपल्या तोंडाने पहिल्या वाक्यात सांगावे. दुसरी : दीड महिन्याने कोजागिरी येईल. त्या रात्री खिरीतून दम्याचे औषध घ्यायला ठिकठिकाणी रांगा लागतात, आपलीही मंडळी जातात. श्रद्धेला माझा विरोध नाही. माझे एवढेच म्हणणे आहे की त्या रांगेत उभे राहण्याआधी रक्त तपासायच्या रांगेत एकदा उभे राहा. आणि दम्याच्या नावाने मिळणाऱ्या बिननावाच्या पुड्या घेऊ नका. त्यांत काय मिसळले आहे ते आपल्याला कळत नाही, अनेकदा ते स्टेरॉइडच असते.

विघ्नहर्त्यापुढे आपण आरोग्य मागतो. ते मागताना ज्याच्या घरात कोणी खोकते आहे, त्या घराकडे वळणारी आपली पावले थांबू देऊ नयेत, एवढे आपल्या हातात आहे. आजाराचे नाव कळेपर्यंत माणसाला एकटे पाडू नये, आणि नाव कळल्यावर तर नाहीच नाही.

 आरतीची वेळ झाली आहे, तेव्हा इथेच थांबतो.

गणपती बाप्पा मोरया!